टेम्पोतली तिसरी जागा

आक्कांचं जावयाबद्दल एकच गाऱ्हाणं होतं, पण ते असं ऐसपैस होतं की बाकीच्या सासवांची सगळी गाऱ्हाणी त्यात पाय पसरून झोपली असती. जावई सांगितलेलं काम करायचे. यात वाईट ते काय, असं कुणी विचारलं की आक्का म्हणायच्या, करतात हो, पण करून थांबत नाहीत ना.

कारखान्यातल्या खिडकीतून वारा येतो, वाती हलतात, तेव्हा खिडकी तेवढी लावून घ्या, असं म्हटलं तर त्यांनी ती खिळे ठोकून लावली. मग उन्हाळाभर सगळे आत बसून मेणाच्या बरोबरीने वितळत होते. दाराची बिजागरी करकरते म्हटलं तर त्यांनी बिजागरीला तेल घातलं, मग कडीला घातलं, मग कुलपाला घातलं आणि बाटलीत उरलं म्हणून उंबऱ्यालाही घातलं. त्या उंबऱ्यावरून आक्का स्वतः सरकल्या त्या थेट मेणाच्या बादलीला मिठी मारून थांबल्या. सांगितलं तेवढंच करणारा सांगकाम्या परवडला. हे सांगकाम्याच्या वरचढ, सांगितलेल्याच्या वर मूठभर घालणारे.

बरं, बोलायची सोय नाही. जावयाला तोंडावर कसं बोलणार? लेकी बोले सुने लागे, ही सोय वाडवडिलांनी सुनेसाठी करून ठेवली. जावयासाठी मात्र काहीच केली नाही, आणि या एका गोष्टीवरून आक्कांचा वाडवडिलांवर राग होता. मग त्या जवळ जी वस्तू असेल तिला बोलायच्या. उंबऱ्याच्या प्रकरणात त्यांनी बादलीला विचारलं, "काय गं, तुला कुणी सांगितलं होतं नको तिथं शहाणपण करायला?" जावई शेजारीच उभे होते. त्यांनी बादलीकडे अशा कळवळ्याने बघितलं की आक्कांचा राग घशातच अडकला.

घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मेणबत्त्यांचा कारखाना होता. मेण वितळवायच्या कढया, साचे, वातींची रिळं आणि भिंतीला लावून रचलेली खोकी. इथून निघणाऱ्या प्रत्येक खोक्याला सुतळी बांधायची, गाठीवर तांबडी लाख ओतायची आणि लाख ओली आहे तोवर पितळी शिक्का दाबायचा. शिक्क्यावर पेटती ज्योत होती. आक्कांच्या सासऱ्यांनी घातलेली ही शिस्त पुढे घरातही शिरली. चहाचा डबा, बियाण्यांची बरणी, औषधाची बाटली, ज्याला म्हणून तोंड आहे त्यावर लाख आणि ज्योत. त्या घरात आक्कांचं सोडून कुठलंच तोंड उघडं नव्हतं, असं थोरला मुलगा म्हणायचा, अर्थात आक्का दुसऱ्या खोलीत असताना. रोज तेच बघून बघून घरातल्या कुणाच्या डोळ्याला तो शिक्का दिसतच नसे. भिंतीवरचा ओरखडा दिसत नाही तसा.

जावयांचं आधीचं दुकान बंद पडलं तेव्हा लेक त्यांना घेऊन माहेरी आली. आक्कांनी बराच विचार करून त्यांना शिक्क्याचं काम दिलं. शिक्क्यात जास्तीचं काय करणार माणूस, असा त्यांचा हिशेब.

मग एक खोकं परत आलं. गुलाबाच्या वासाच्या मेणबत्त्या होत्या. गिऱ्हाईक बाई म्हणाली, मी दिवाणखान्यात एक लावली तर यजमान विचारतात, घरात टेम्पो कुणी आणला. खरंच, माल भरताना टेम्पोच्या डिझेलचा वास खोक्यांना लागत होता. त्या दिवशी आक्का जावयांसमोर वजनकाट्याला म्हणाल्या, "वास येतो तो भोकातून येतो. भोक दिसलं की बुजवावं, एवढी अक्कल या घरात कुणाला असती तर अजून काय पाहिजे होतं." काट्याच्या वतीने जावयांनी मान डोलावली. दोन दिवसांत वास गेला. काट्याला सांगितलेलं वाया जात नाही, म्हणून आक्का खूश झाल्या.

आणि नेमका तेव्हापासून टेम्पो आजारी पडला.

हा टेम्पो म्हणजे जुनं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं डिझेलचं धूड. घरात सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. आक्कांना ते नाव आवडत नसे. कारण थोरला फोनवर कुणाला तरी "म्हातारी आता फार कुरकुरते" असं सांगायला लागला की कान टवकारावे की नाही ते कळत नसे. तर ही म्हातारी सकाळी शहाण्यासारखी सुरू व्हायची, वेशीपर्यंत छान पळायची आणि मग मधेच खोकायची, दोन आचके द्यायची आणि गप्प. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू. पुन्हा थोडं पळायची, पुन्हा गप्प.

थोरला म्हणाला, "डिझेल पोचत नाहीये इंजिनापर्यंत. वय झालं तिचं. काढून टाकू. ती नवी छोटी गाडी येते ना, ती घेऊ. पुढे दोन सीट, मागे माल."

"दोन?" आक्का म्हणाल्या.

"दोन. मी आणि दाजी."

"आणि मी कुठं बसू?"

"तू कशाला बसतेस? घरी बस आरामात. फोन आहे की."

आक्कांनी पदर खोचला, आणि आक्कांनी पदर खोचला म्हणजे प्रकरण गंभीर. टेम्पोत पुढे एकसलग बाक होता. स्टिअरिंगवर थोरला, मधे इंजिनाच्या उबेवर जावई आणि खिडकीला आक्का, पाठीशी घडी घातलेली गोधडी. त्या जागेवरून त्या गिऱ्हाइकांशी भाव करायच्या, ओळखीच्यांची खबर घ्यायच्या, अनोळखींची काढायच्या. घरात कुठल्याही खुर्चीवर बसलं की कुणीतरी केरसुणी घेऊन यायचं, आक्का, जरा पाय वर घेता का. टेम्पोतल्या त्या जागेवरून त्यांना आजवर कुणी उठवलं नव्हतं. धंदा हातात आहे म्हणजे काय, तर ती खिडकी हातात आहे. खिडकी गेली की मग फोन. फोनवर काय, माणूस हो हो म्हणतो आणि ठेवून देतो.

"गाडी काही मेलेली नाही," त्या म्हणाल्या. "पोटात कळ आली म्हणून कुणी माणसाला पुरत नाही."

बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं ते असं. टेकडीपलीकडच्या मोठ्या हॉटेलात त्या संध्याकाळी दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात जेवणं होती आणि मेणबत्त्या आक्कांच्या कारखान्याच्या. माल दिवेलागणीच्या आत हॉटेलात पोचला तर थोरला गाडीला हात लावणार नाही. वाटेत राहिला तर भंगारवाल्याला तो तिथूनच फोन करणार.

"पोचेल," आक्का म्हणाल्या.

निघण्याआधी थोरल्याने फिटरला बोलावलं, कारण तो पोरगा हट्टी असला तरी लबाड नव्हता. गाडीला पुरती संधी द्यायची, मगच फासावर चढवायची, असा त्याचा न्याय. फिटर आला तो डॉक्टरच्या थाटात. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"एअर घेतलीय," तो म्हणाला.

"म्हणजे?" आक्कांनी विचारलं.

"डिझेलच्या नळीत हवा शिरलीय. हवा शिरली की इंजिन उपाशी."

"हवा तर आमच्याही पोटात शिरते. आम्ही काही रस्त्यात आडवे होत नाही."

फिटरने हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने फिल्टर बदलला. एक नळी बदलली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून इंजिनाजवळचा, डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारला, तेव्हा स्क्रूतून आधी फेस आला, मग नितळ डिझेल आलं. मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावला, हुंगलं, मान हलवली आणि झाकण परत लावलं. लावताना त्याने झाकणावर बोटाने टकटक केलं.

"ओरिजिनल आहे. कंपनीचा शिक्का आहे बघा अजून. असली झाकणं आता मिळत नाहीत."

"आमच्याकडे सगळं जपून वापरतात," आक्का म्हणाल्या.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. फिटर हात पुसत असा गेला की जणू पाठीमागून टाळ्या वाजताहेत.

माल भरला. उंच, निमुळत्या, पांढऱ्या मेणबत्त्या खोक्यांत उभ्या लावलेल्या होत्या. ऊन चांगलंच तापलं होतं. आक्का खिडकीत बसल्या, गोधडी सारखी केली आणि म्हणाल्या, "चल."

बाजारापर्यंत गाडी अशी पळाली की आक्कांनी दोघातिघांना खिडकीतून हात केला. चौकात मात्र ती खोकली. थोरल्याने पाय दाबला. गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि एका फळवाल्याच्या बरोब्बर पुढ्यात, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची वाट अडवून, ती शांत झाली.

"झालं," थोरला म्हणाला.

"काही झालं नाही. दम खातेय," आक्का म्हणाल्या.

थोरला उतरून हातपंप मारायला लागला. तेवढ्यात जावई खाली उतरले. कधी काळी एकदा थोरल्याने त्यांना सांगितलं होतं, दाजी, गाडी बंद पडली की आधी डिझेल आहे का बघावं. तेव्हापासून गाडी बंद पडो, सिग्नलला थांबो की नुसतीच हळू होवो, जावई डिझेल बघायचे. त्यासाठी त्यांनी एक लांब मेणबत्ती ठेवली होती. झाकण उघडायचं, मेणबत्ती बुडवायची, ओलं कुठवर आलं ते बघायचं.

"अर्धी टाकी आहे, दादा," त्यांनी मागून सांगितलं.

"मघाशी पण अर्धीच होती, दाजी."

"आताही आहे."

थोरल्याने चावी फिरवली. गाडी सुरू. "बघितलंस? हातपंप मारला की चालते," तो म्हणाला. "पण किती वेळ, ते विचार."

आक्कांनी विचारलं नाही. त्या खिडकीतून फळवाल्याला म्हणाल्या, "काय बघतोस? गाडी बघितली नाहीस कधी?" आणि गाडी पुढे गेली.

दुसऱ्यांदा ती बंद पडली ती चढावर. मागे एक बस होती. बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून विसरला असावा. प्रवासी खिडक्यांतून माना काढून सल्ले द्यायला लागले. एक म्हणाला, नोजल गेले. दुसरा म्हणाला, पंप गेला. तिसरा, ज्याला यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणाला, ढकला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. आक्कांनी मान बाहेर काढली.

"उतरा मग. उतरून ढकला. एवढा पुळका आलाय तर."

भराभरा माना आत गेल्या. थोरला हातपंप मारत होता. पंप आता घट्ट झाला होता, दांडा परत येताना कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा. मागून आवाज आला, "अर्धीला जरा कमी आहे, दादा." आणि थोरल्याने हातातला पंप सोडून, रागाने, चावी फिरवली. सुरू.

आक्कांच्या मनात पहिल्यांदा काहीतरी खटकलं. शाळेत त्या फार गेल्या नव्हत्या. गुरुजी आणि त्या, दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता. पण घर चालवलेल्या बाईला एक गोष्ट कळते. दूध कुणी पाठ फिरवली की उतू जातं, आणि कुणी बघत असलं की जात नाही, तेव्हा दोष दुधाचा बघायचा नसतो. गाडी पंप मारल्याने सुरू होत नव्हती. पंप तर मघापासून चाललाच होता. ती सुरू होत होती जावई मागे जाऊन आले की.

त्यांनी तिरक्या नजरेने जावयांकडे बघितलं. ते मधे बसून इंजिनाच्या उबेने लालबुंद झाले होते. मांडीवर डिझेलने ओली झालेली मेणबत्ती.

"ती मेणबत्ती," आक्का समोरच्या काचेला म्हणाल्या, "पुन्हा मालाच्या खोक्यात जाऊ नये म्हणजे झालं."

जावयांनी घाईघाईने ती खिशात खोचली.

तिसऱ्यांदा गाडी पुलाच्या अलीकडे थांबली. तिथे ना सावली, ना दुकान, ना माणूस. आक्कांनी खाली उतरून मागच्या फाळक्यातून एक खोकं किलकिलं करून बघितलं. वरच्या रांगेतल्या मेणबत्त्या कमरेत वाकल्या होत्या, पाहुण्यांपुढे लवावं तशा. अजून थोडा वेळ ऊन लागलं असतं तर त्यांनी लोटांगणच घातलं असतं.

थोरल्याने कपाळ पुसलं आणि खिशातून फोन काढला. "आक्का, माझ्याकडून मी सगळं केलं. नवा फिल्टर घातला, नळी नवी, एअर काढली. आता तूच सांग."

"फोन ठेव आणि पंप मार."

"मारून काय होणार?"

"मार म्हटलं ना. आणि जावईबापूंनी जागचं हलू नये, एवढी माझी विनंती आहे."

जावई उठत होते ते अर्ध्यातच थांबले आणि तसेच अर्धवट उभे राहिले, कारण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. थोरल्याने पंप मारला. सदरा पाठीला चिकटेपर्यंत मारला. चावी फिरवली. गाडी नुसती गुरगुरली. पुन्हा मारला, पुन्हा फिरवली. काही नाही.

"आता जावईबापूंनी डिझेल बघावं," आक्का म्हणाल्या आणि स्वतःही मागोमाग निघाल्या.

जावई टाकीपाशी गेले. आक्का मागे कमरेवर हात देऊन उभ्या. जावयांनी झाकण फिरवलं, आणि टाकीने उसासा घेतला. आत ओढून घेतलेला, लांबच लांब, फुस्स असा, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा.

"हा आवाज कसला?" आक्कांनी विचारलं.

"नेहमीच येतो," जावई म्हणाले. "मला वाटलं, तिलाही बरं वाटतं कुणी विचारपूस केली की."

"थोरल्या, चावी फिरव," आक्कांनी हाक दिली. गाडी पहिल्या फेरीत धडधडायला लागली.

आक्कांनी झाकण हातात घेतलं. त्यांना आठवला तो तेलाचा पत्र्याचा डबा. एका कोपऱ्याला भोक पाडलं तर तेल गुटगुट करत येतं, थांबतं, रडतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं की धार लागते. तेल बाहेर यायचं तर हवा आत गेली पाहिजे. टाकीतलं डिझेल इंजिन ओढतंय, पण त्याच्या जागी हवा कुठून येणार? कुठूनतरी येत असणारच, नाहीतर ही गाडी इतकी वर्षं चालली कशी. त्यांनी झाकण उलटंसुलटं केलं. खालच्या बाजूने मधोमध बारीकसं भोक दिसत होतं. वरच्या बाजूने, त्याच जागी, तांबड्या लाखेचा गोल ठिपका होता. ठिपक्यावर पेटती ज्योत.

त्या ज्योतीकडे आक्का बघत राहिल्या. थोरल्याने टाकीत डिझेल भरताना हे झाकण हातात धरलं होतं. फिटरने त्यावर टकटक केलं होतं. जावई तर आज तीनतीनदा ते फिरवत होते. आणि त्या स्वतः रोज त्याच बाजूने गाडीत चढत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फिल्टर बदलला, नळी बदलली, पंपाला घाम आणला. रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, लाख खरवडून उचकटली आणि तुकडा मुठीत दाबला.

"काय होतं?" थोरला खिडकीतून विचारत होता.

आता इथे आक्कांना खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण शिक्का घरचा, जावई घरचा आणि वजनकाट्याला ऐकवलेलं ते वाक्य कुणाचं हे तर सांगायलाच नको. एवढी सगळी घरची मंडळी एका झाकणावर सापडली म्हटल्यावर त्यांनी घरच्या बाजूने कौल दिला.

"कचरा," त्या म्हणाल्या. "झाकणाचं भोक बुजलं होतं. काढला. चल आता."

जावयांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते त्यांनी तात्पुरतं मिटलं.

मग गाडी पळाली. पूल ओलांडला, टेकडी चढली, उतरली, आणि कुठेही एक आचका नाही की उचकी नाही. आक्का खिडकीत ताठ बसल्या होत्या. डाव्या मुठीत लाख टोचत होती, पण चेहरा कसा, वरातीला निघाल्यासारखा. हॉटेलच्या फाटकातून आत शिरले तेव्हा पायऱ्यांवर ऊन अजून रेंगाळत होतं.

हॉटेलचा मॅनेजर काळा कोट घालून दारातच येरझारा घालत होता. त्याने खोकी आत घेतली, एक उघडलं, आणि वाकलेल्या मेणबत्त्यांकडे बघितलं.

"या अशा का?"

"पाहुणे आल्यावर वाकायची रीत नाही वाटतं तुमच्याकडे?" आक्का म्हणाल्या. "वरची रांग तेवढी उन्हाने नरमली. हातावर घोळवली की सरळ होईल. खालच्या सगळ्या सरळ आहेत, बघून घ्या."

मॅनेजरने खालच्या बघितल्या, त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो वेटरांना मेणबत्त्या घोळवायला बसवायला पळाला.

अंगणात तिघंच उरले. थोरला टेम्पोला टेकून उभा होता. आक्का वाट बघत होत्या. पोरगा आता हरलो म्हणेल, मग आपण मोठ्या मनाने असू दे म्हणू, असं सगळं त्यांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

"माल पोचला," थोरला म्हणाला. "शब्द दिलाय, तो पाळणार. गाडीला मी हात लावत नाही."

"शहाणा माझा."

"पण चालवणारही नाही. कचरा म्हणालीस ना तू? झाकणाचं भोक बुजण्याएवढा कचरा म्हणजे टाकी आतून सडलीय. आज झाकणात आला, उद्या पंपात जाईल. चढावर बंद पडली आणि मागे सरकली तर? आक्का, तू पुढे बसतेस. माझ्याच्याने हे व्हायचं नाही. घरी नेऊन लावतो, मग ती भंगारात जायची की शेडमागे पडून राहायची, ते तू ठरव."

आक्कांनी टेम्पोतल्या गोधडीकडे बघितलं. खोटं बोलायचं तर निदान कामाला येईल असं बोलावं. हे तर त्यांच्याच जागेवर उलटलं होतं. कचरा नव्हता म्हणावं तर मग काय होतं? आणि कचरा होता म्हणावं तर खिडकी गेली. त्यांनी मूठ आणखी घट्ट केली.

"दादा," जावई म्हणाले, "कचरा नव्हता."

"मग?"

"लाख होती. मी लावली होती. शिक्काही मारला."

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. "टाकीच्या झाकणाला?"

"वास तिथूनच यायचा ना. माल भरताना मी वाकून हुंगलं होतं. बारीक भोक होतं. लाख ओतली तर वास गेला." ते जरा थांबले. थांबले असते तर बरं झालं असतं, पण थांबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "आक्काच म्हणाल्या होत्या, भोक दिसलं की बुजवावं. काट्याला म्हणाल्या, पण मी तिथंच होतो. आणि मघाशी पुलाजवळ आक्कांनीच ती उचकटली. त्यांच्या मुठीत आहे."

"आक्का, मूठ बघू," थोरला म्हणाला.

"मुठीत काय असायचंय?"

"बघू तर."

आक्कांनी आभाळाकडे बघत मूठ उघडली. तळहातावर तांबडा तुकडा होता आणि त्यावर अर्धी ज्योत अजून दिमाखात पेटलेली होती. थोरल्याने तो उचलला, उन्हात धरला आणि मग तो टेम्पोच्या पायरीवरच बसला. आधी खांदे हलले, मग आवाज यायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"आणि तो फिटर म्हणाला, कंपनीचा शिक्का," तो कसाबसा म्हणाला.

"कंपनीचाच आहे," आक्का म्हणाल्या. "आपली काय कंपनी नाही?"

"म्हणजे टाकी चांगली आहे?" थोरल्याने जावयांना विचारलं.

"टाकीला काय झालंय? मी रोज मेणबत्तीने बघतो. तळाला टेकवून बघतो. घाण कधी लागली नाही वर." त्यांनी खिशातून मेणबत्ती काढून दाखवली. ती खरंच स्वच्छ होती, फक्त उन्हाने तिचीही मान मोडली होती.

थोरल्याने मेणबत्ती बघितली, लाखेचा तुकडा बघितला आणि झाकणाच्या मोकळ्या भोकावर बोट फिरवलं. डोळे पुसून तो उठला.

"मग राहू दे म्हातारी. चालेल अजून."

यातली म्हातारी कुठली, हे आक्कांनी विचारलं नाही. त्यांनी गोधडी झटकली, पायरीवर पाय ठेवला, खिडकीजवळच्या आपल्या जागेच्या पाठीला हात लावला, जणू ती तिथे आहे याची खात्री करून घेतली, आणि मग मागे वळून जावयांकडे बघितलं. बादली नाही, काटा नाही, काच नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे. जावई उन्हात, हातात मोडक्या मानेची मेणबत्ती घेऊन, काय सांगतील ते करायला तयार उभे होते.

"जावईबापू," आक्का म्हणाल्या, "खोटं बोलायला अक्कल लागते. तुमच्याकडे ती नाही, हे या घराचं नशीब. चढा आता, मी बसायच्या आधी मधे सरका."